काळ्या चौकटीतला मजकूर

देवासच्या आमच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचं जाडजूड बाड होतं. शोकपत्रिकेचा नमुना मात्र एकच. लग्नपत्रिका ठरवायला माणसं चार-चार फेऱ्या मारायची, गणपती मधोमध हवा की कोपऱ्यात यावर वाद घालायची. शोकपत्रिकेचा मजकूर मालक सांगायचे आणि समोरचा मान डोलवायचा. त्याला पोस्टाची वेळ गाठायची असे, आणि त्या घडीला शब्दांवरून हुज्जत घालायचं त्राण कोणातच नसे.

मी तिथे कंपोझिटर म्हणून लागलो ते सत्तरचं दशक सरता सरता. बँक नोट प्रेस सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. कारखान्यांची वस्ती वाढत होती आणि महाराष्ट्रातून नोकरीला आलेली कुटुंबं इथल्या जुन्या मराठी घरांत भर घालत होती. जुनी घरं म्हणजे पवारांच्या दोन गाद्यांबरोबर रुजलेली, थोरल्या पातीची आणि धाकट्या पातीची. संस्थानं 1948 मध्ये विलीन झाली, तरी म्हातारी माणसं पत्ता सांगताना पातीचा उल्लेख करायचीच. मला मराठी आणि हिंदी दोन्ही सारख्याच हातानं लिहिता यायचं, म्हणून खिळे जुळवता जुळवता मजकूर लिहिण्याचं कामही माझ्याकडे आलं.

खिळ्यांच्या छपाईत एक शिस्त असते. काम छापून झालं की मजकूर सोडायचा, म्हणजे एकेक खिळा उचलून त्याच्या त्याच्या घरात परत टाकायचा. देवनागरीला जोडाक्षरांमुळे घरं भरपूर, त्यामुळे हे काम वेळखाऊ. शोकपत्रिकेचा मजकूर मात्र आम्ही सोडतच नसू. सुतळीनं बांधून तो गॅलीत तसाच उभा ठेवलेला असे: प्रेमळ, मनमिळाऊ, धर्मपरायण, कुटुंबवत्सल. गिऱ्हाईक आलं की नाव, वय, तिथी आणि खालची शोकाकुलांची यादी तेवढी बदलायची. भोवती जाड काळी चौकट आवळली की पत्रिका तयार. इतक्या जणांसाठी तो मजकूर छापला गेला की ‘कुटुंबवत्सल’मधला ‘त्स’ झिजून पुसट उमटायचा.

याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण ती पत्रिका बहुतेक घरांत ठेवतच नसत. निधनाच्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडून पाठवायची रीत होती. छापील पत्रिकाही दारातच वाचायची आणि फाडून टाकायची, उंबऱ्याच्या आत न्यायची नाही. कोण गेलं आणि दिवस कधी, एवढं कळलं की त्या कागदाचं काम संपलं. गेलेला माणूस कसा होता हे त्यात कोणी शोधत नव्हतं.

माझ्या कामाला वळण लागलं ते 1992 साली. त्या वर्षी 12 जानेवारीला कुमार गंधर्व गेले. क्षयानं खचलेला हा गायक 1948 मध्ये हवापालटासाठी देवासला आला आणि देवासचाच झाला. ते गेल्यावर वर्तमानपत्रांची पानंच्या पानं भरून येत होती. आमच्या प्रेसमध्ये येणारा प्रत्येक जण एखादी आठवण सांगून जायचा. मोठ्या माणसाबद्दल लिहायला हात पुष्कळ असतात, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. ती थंडी ओसरली नसेल तोच एक बाई प्रेसमध्ये आल्या. पन्नाशीच्या, नर्स होत्या. त्यांचे वडील वारले होते. धारच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी जन्मभर कंपाउंडरकी केली आणि म्हातारपणी मुलीकडे देवासला राहायला आले. माती होऊन गेली होती. आता स्मरणाची प्रार्थना व्हायची होती आणि त्यात पादरीसाहेब जीवन-परिचय वाचणार होते. तोच छापून लोकांना वाटायचा होता.

मी सवयीनं गॅलीतला मजकूर काढला, प्रूफ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “काका, हे बाबांना वाचून दाखवलं असतं ना, तर त्यांनी विचारलं असतं, कोण हो हा?”

वर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे असा कागद फाडत नाहीत. बायबलात घालून ठेवतात. त्यांच्या आजोबांच्या वेळचा हातानं लिहिलेला कागद अजून घरात होता. आमच्या धंद्यात मला हे नवीन होतं. जो कागद नातवंडं उघडून वाचणार, त्यातला माणूस ओळखू आला पाहिजे.

माझी सासुरवाडी धारची. दुसऱ्या दिवशी रविवार होता, इंदूरवरून बस बदलून मी धारला गेलो. मुलीनं सांगितलेलं एका कागदावर टिपलं होतं: जन्म, नोकरी, निवृत्ती, मुलं. ते सगळं अर्ध्या पानात संपत होतं. घरच्यांना माणूस संध्याकाळपासून सकाळपर्यंतच माहीत असतो. त्याचा दिवस दुसरीकडे गेलेला असतो आणि तो विचारायला तिकडेच जावं लागतं. या धंद्यात मी जे काही शिकलो त्याचं मूळ त्या फेरीत आहे.

धारचं ते मिशन कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन लोकांचं. 1877 साली त्यांनी इंदूर-महूकडे काम सुरू केलं, आणि 1895 मध्ये मार्गारेट ओहारा या डॉक्टरीणबाई धारला आल्या. त्या पुढे 1927 पर्यंत मालव्यात राबल्या. 1899-1900 चा दुष्काळ, मालव्यात ज्याला संवतावरून छप्पन्या म्हणतात, त्यात आईबाप गमावलेली अनेक मुलं मिशननं सांभाळली. कंपाउंडरसाहेबांचे वडील त्यांतलेच एक. आडगावचं पोर, घराण्याचं नाव न सांगता येणारं. कंपाउंडरसाहेबांची पत्नी मात्र नगरकडची, मराठी ख्रिस्ती घरातली, नर्सिंग शिकून धारला आलेली. त्यामुळे चर्चमधली भजनं हिंदीत आणि स्वयंपाकघरातली भांडणं मराठीत, असं ते घर चालायचं.

बाजारात लसूण-मिरची विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला मी सहज विचारलं. ती म्हणाली, “कंपोटरसाब? बाटलीवाले?” आणि हातानं कात्री चालवल्यासारखं करून दाखवलं. मला उमगेना. मग हॉस्पिटलातल्या एका जुन्या वॉर्डबॉयनं उलगडून सांगितलं. त्या काळी मिक्श्चर दवाखान्यातच तयार व्हायचं आणि रोगी घरून बाटली आणायचा. औषध भरलं की कंपाउंडर बाटलीला कागदाची उभी पट्टी चिकटवायचा. कागद मधोमध दुमडायचा, कात्रीनं कडेला तिरपे छेद द्यायचे, उलगडला की दोन्ही बाजूंना सारख्या खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. सगळीकडे हेच चालायचं. पण आमचे कंपाउंडरसाहेब रात्रीच्या डोसाच्या खाचेशी निळ्या शाईचा ठिपका द्यायचे, कारण खेड्यातनं आलेल्या माणसाला डोस मोजता आला तरी सकाळचा कुठला नि रात्रीचा कुठला यात घोळ व्हायचा. रोग्यांची रांग दारापर्यंत गेली तरी ते ठिपका चुकवत नसत. मागं उभी असलेली माणसं वैतागायची. वॉर्डबॉय म्हणाला, “आम्हीसुद्धा वैतागायचो. बाटल्या आम्हालाच धुवायला लागायच्या.”

मुलीला हे ठाऊक नव्हतं. ती नर्स, जन्मभर औषधं देण्यात गेलेली, पण वडिलांच्या टेबलापलीकडे कधी उभी राहिलेली नव्हती.

चर्चबद्दलही असंच. “नियमित चर्चला जाणारे” एवढं तिनं सांगितलं होतं. चर्चमध्ये विचारल्यावर कळलं की किल्ली त्यांच्याकडे असायची. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन दार उघडायचं, बाकांवरची धूळ झटकायची, घंटा द्यायची, आणि मग स्वतः शेवटच्या बाकावर बसायचं, कारण हॉस्पिटलातून बोलावणं आलं तर कोणाला न उठवता निघता यावं. त्यांच्या हयातीत त्या मंडळीची ओळख दोनदा बदलली. जन्मले तेव्हा प्रेस्बिटेरियन, दहा वर्षांचे व्हायच्या आत, 1924 साली, ती उत्तर भारताच्या संयुक्त मंडळीत गेली, आणि 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. या एकीकरणांवर सभा झाल्या, ठराव झाले. कंपाउंडरसाहेबांचं मत काय होतं हे कोणालाच सांगता आलं नाही. त्यांचा बाक मात्र कोणता ते सगळ्यांनी दाखवलं.

देवासला परतल्यावर कंपाउंडरसाहेबांच्या पत्नीकडे, आजींकडे गेलो. त्या आधी बोलेचनात. “साधं होतं हो सगळं, काय सांगू,” एवढंच. मी विचारलं, तुमची रात्रपाळी असायची तेव्हा मुलांचं कोण बघायचं? त्या हसल्या. म्हणाल्या, “तेच. भाकरी त्यांची माझ्यापेक्षा बरी व्हायची. पण हे लिहू नका, लोक हसतील.” मुलगी म्हणाली, “हेच लिहा.” ते दिवस चाळीस-पन्नासच्या दशकांतले. त्या काळी धारसारख्या गावात पुरुषानं तवा हातात घेणं ही सांगायची गोष्ट नव्हती. दाराला कडी लावून ते भाकऱ्या थापायचे.

कुटुंबवत्सल हा झिजलेला शब्द मी हजारांनी छापला होता. तो काढून त्या जागी भाकरीचं वाक्य घातलं.

एक गोष्ट अडली. धाकट्या भावाशी त्यांचा कित्येक वर्षं अबोला होता. कशावरून, ते आता कोणी नीट सांगू शकत नव्हतं. दोघे भाऊ दर रविवारी एकाच चर्चमध्ये, एक डाव्या रांगेत, एक उजव्या. घरच्यांना हे वगळायचं होतं आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण चर्चमधला प्रत्येक माणूस ते जाणत होता. “सर्वांशी प्रेमाचे संबंध” असं वाचलं गेलं असतं तर पुढच्या ओळीतल्या बाटलीवरही कोणी विश्वास ठेवला नसता. शेवटच्या दुखण्यात त्यांनी मुलीजवळ भावाची आठवण काढली होती, भेट मात्र राहून गेली होती. तेवढंच लिहिलं, एका वाक्यात, आणि आजींना आधी वाचून दाखवलं. त्यांनी बराच वेळ घेऊन हो म्हटलं.

प्रार्थनेला मीही गेलो होतो. भाकरीच्या वाक्याला चर्चमध्ये हशा पिकला, आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या. संपल्यावर बाहेर लोक एकमेकांना बाटल्यांच्या गोष्टी सांगत होते, ज्या मला धारला कोणी सांगितल्या नव्हत्या. धाकट्या भावानं दोन प्रती मागून घेतल्या.

त्यानंतर मी तो उभा मजकूर सोडला. मालक कुरकुरले, कारण आता प्रत्येक पत्रिकेला वेळ लागणार होता. पण गिऱ्हाईकं मागू लागली तेव्हा तेही गप्प बसले. काळ्या चौकटीची पत्रिका पूर्वीसारखीच छोटी निघायची. तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला वाटायला मात्र लोक एक वेगळं पान करून घेऊ लागले, घरात ठेवण्यासारखं.

प्रत्येक वेळी गोष्ट सापडते असं नाही. एका गृहस्थांबद्दल मी चार ठिकाणी विचारलं आणि चारही ठिकाणी माणसं विषय बदलू लागली. मुलांना “थोर समाजसेवक” हवं होतं. मी त्यांना म्हटलं, जन्म, नोकरी, आणि शेवटची दोन वर्षं तुम्ही केलेली त्यांची सेवा, एवढं लिहू. त्यांनी ऐकलं. काही माणसांबद्दल चारच ओळी खऱ्या असतात, मग चारच लिहाव्यात. पाचवी ओळ वाचणारा आधीच्या चारही खोट्या ठरवतो.

शोकाकुलांच्या यादीवरून होणारे तंटे हा तर स्वतंत्र विषय आहे. दोन भाऊ प्रेसमध्येच हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले आहेत: मोठा म्हणतो वयानं माझं नाव आधी, धाकटा म्हणतो वडील माझ्याकडे होते. तोडगा त्यांच्या आईनं काढला. तिनं सांगितलं, पहिलं नाव माझं घाला, मग खाली काय घालायचं ते घाला. तोवर विधवेचं नाव शोकाकुलांत घालायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

बायकांच्या पत्रिकांत तर खुद्द गेलेल्या बाईचंच काही नसे. अमक्यांच्या पत्नी, तमक्यांच्या मातोश्री, गृहिणी. नयापुऱ्यातल्या एका काकूंचं असंच पान आलं. मी मुलाला विचारलं, घराचा हिशेब कोण ठेवायचं? तो घरी जाऊन एक वही घेऊन आला. काकू वर्षानुवर्षं पापड, कुरडया, शेवया करून इंदूरपर्यंत पाठवत होत्या आणि कोणाकडून किती येणं आहे ते त्यात मांडलेलं होतं. घराच्या दुसऱ्या मजल्याचे पैसे त्या वहीतून निघाले होते. मुलगा म्हणाला, आम्हाला वाटायचं तिला वेळ घालवायला हवं म्हणून करते. तेव्हापासून बाई असो की पुरुष, हिशेबाची वही मी आधी मागतो. फोटोपेक्षा तिच्यात माणूस जास्त दिसतो.

खरं लिहिलं की माणूस लहान होतो, ही भीती घरोघरी असते. तिला माझ्याजवळ एकच उत्तर आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मराठी चर्चचं सर्वांत मोठं नाव. त्यांच्या भक्तिगीतांवर आजही मंडळ्या चालतात. पण ते माणूस म्हणून कळतात ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून, ज्यांचा पहिला भाग 1934 मध्ये आला. त्यात त्यांचा तिरसटपणा आहे, विसरभोळेपणा आहे, घरात दाणा नसताना दान करून येणं आहे, धर्मांतरानं मोडलेलं आणि पुन्हा जोडलेलं घर आहे. बायकोनं काहीच झाकलं नाही, आणि टिळक लहान झाले नाहीत.

आमच्या देवासचंच उदाहरण घ्या. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे 1937 साली पाँडिचेरीत वारले, राज्य सोडून गेलेले, देण्यात बुडालेले. सरकारदरबारी त्यांची ओळख तेवढीच उरली. पण 1921 मध्ये त्यांचा खासगी चिटणीस म्हणून राहिलेला इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर घरी पत्रं लिहायचा. ती 1953 साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. नाव आमच्या टेकडीवरूनच. त्यात गोकुळाष्टमीला देवापुढे भान विसरून नाचणारा राजा आहे, राजवाड्यातला गोंधळ आहे, आणि फॉर्स्टरची त्यांच्यावरची माया आहे. दप्तरांनी ज्याला नालायक ठरवला तो माणूस एका चिटणिसाच्या घरगुती पत्रांत जिवंत आहे. राजाला चिटणीस मिळाला. कंपाउंडरला आणि पापडवाल्या काकूंना कोण मिळणार? छोट्या गावात ते काम प्रेसवाल्याकडे येतं, इतकंच.

खिळे गेले, छपाईचं ट्रेडल यंत्र भंगारात गेलं, संगणक आला. आता तर पत्रिकेलाही कोणी येत नाही. मोबाइलवर फोटो, भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. मजकूर पुन्हा एकच झाला, फक्त सुतळीची गरज राहिली नाही. निरोप पोचवायला ते ठीक आहे, आमची पत्रिका तरी दुसरं काय करत होती. पण ठेवायचं पान वेगळं, आणि त्यासाठी अजून अधूनमधून कोणी तरी घरी येतं. मी आता लिहून देत नाही, कसं लिहायचं ते सांगतो.

सांगायचं फार नसतं. घरातल्याला विचारा, पगाराच्या दिवशी ते काय करायचे. कामावरच्याला विचारा, कशावरून तुम्ही त्यांच्यावर वैतागायचात. आणि ज्याचं त्यांच्याशी कसलंच नातं नव्हतं अशा एकाला तरी शोधून काढा, वाणी असो, रिक्षावाला असो, चर्चच्या शेजारचा दुकानदार असो. तिघांचं ऐकून आधी लिहून टाका. प्रेमळ आणि मनमिळाऊ शेवटी घाला. बहुतेक वेळा तोवर पान भरलेलं असतं.